लाल मंदिर ते खारी बावली : पायी एक दिवस

दिल्लीदर्शन म्हटले की मराठी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेला फेरा उभा राहतो. सकाळी मोटार दारात येते. इंडिया गेट, राष्ट्रपती भवन, कुतुबमिनार ही स्थळे एकामागून एक उरकली जातात. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे आणि चार छायाचित्रे. डिसेंबरच्या सुटीत सांगलीहून दिल्लीस गेलेल्या हळदीच्या एका अडत्या कुटुंबाचा बेतही असाच होता. नोकरीनिमित्त गुरुग्रामला राहणाऱ्या धाकट्या मुलाने मोठी मोटार ठरवून ठेवली होती. परंतु आदल्या रात्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा शांतपणे म्हणाले, "मोटार परवा. उद्या लाल मंदिर ते खारी बावली, पायी."

घरात क्षणभर शांतता पसरली. अण्णांच्या उजव्या गुडघ्याला गेली चार वर्षे पट्टा आहे. थोरल्या मुलाने विरोध केला, धाकट्याने रिक्षाचा पर्याय सुचवला. अण्णांनी एवढेच सांगितले की, भोजसारख्या लहानशा गावचे आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून पायी विहार करीत दिल्लीला आले होते. तो काळ इंग्रजी अमदानीचा, दिगंबर मुनींच्या संचारावर निर्बंध असण्याचा. महाराजांनी शहरातील प्रमुख वास्तूंसमोर आपली छायाचित्रे घेऊ दिली. ती प्रसिद्धीसाठी नव्हे, तर पुढे येणाऱ्या मुनींना 'या रस्त्याने दिगंबर साधू चालले आहेत' असा दाखला असावा म्हणून, असा प्रसंग समाजात सांगितला जातो. अण्णांनी तो लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला होता. "ते सांगलीकडून इथवर चालत आले. आपल्याला एक रस्ता चालवत नाही?" या प्रश्नावर कोणी काही बोलले नाही.

न बोलण्याची या कुटुंबाला अलीकडे सवयच झाली होती. गावच्या मंदिराशेजारी स्वाध्याय भवन बांधून देण्याचे घराने कबूल केले होते. बांधकाम पूर्ण होत आले; अडले ते दारावरच्या संगमरवरी फरशीपाशी. पेढी सांभाळणाऱ्या थोरल्याला वाटे की, फरशीवर पेढीचे नाव यावे, कारण तीस वर्षे पेढीवर तोच बसला. अर्ध्याहून अधिक रक्कम पाठवणाऱ्या धाकट्याला वाटे की, दोघा भावांची नावे स्वतंत्र यावीत. मोठ्या आवाजात भांडण असे झालेच नाही. फोन कमी झाले आणि जे झाले ते हिशोबापुरते. फरशी सांगलीत पाथरवटाकडे कोरी पडून होती. अण्णांनी कोणाचीच बाजू घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ जणांचे कुटुंब मेट्रोने निघाले आणि केंद्रीय सचिवालय स्थानकावर गाडी बदलून लाल किल्ला स्थानकाबाहेर आले. धुके विरळ होत होते. समोर किल्ल्याची तांबडी भिंत आणि पाठीशी, रस्त्याच्या तोंडाशी, लाल मंदिराची शिखरे. शाहजहान बादशहाने १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला उभारला आणि त्याच्या आश्रयाने शाहजहानाबाद हे नवे राजधानीचे शहर वसवले. राजधानी केवळ तटबंदीने उभी राहत नाही. तिला सावकार लागतात, सराफ लागतात, धान्याचे आणि कापडाचे व्यापारी लागतात. बादशहाने अगरवाल जैन व्यापाऱ्यांना पाचारण करून दरीबा गल्लीच्या परिसरात वसवले. सैन्यातील एका जैनाने आपल्या तंबूत मूर्ती ठेवली होती आणि त्यातूनच, १६५६च्या सुमारास, या मंदिराचा आरंभ झाला असे सांगतात. आजची इमारत पुष्कळ नंतरची, एकोणिसाव्या शतकातील. मूलनायक भगवान पार्श्वनाथ.

चामड्याचे पट्टे, पाकिटे बाहेर ठेवून सर्वांनी दर्शन घेतले. आईंनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. तो संपेपर्यंत दहा वर्षांचा नातू मात्र आवारातील दुसऱ्याच इमारतीकडे ओढ घेत होता. ते पक्ष्यांचे रुग्णालय. १९२९ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९५७पासून मंदिराच्या आवारात आहे. आत लहान लहान पिंजऱ्यांच्या रांगा आहेत; कोणाच्या पंखाला पट्टी, कोणाच्या पायाला काडीचा आधार. रुग्णांत कबुतरे सर्वांत अधिक. कोणी पतंगाच्या मांजाने कापलेले, कोणी छताच्या पंख्याला धडकलेले. औषधोपचाराचा पैसा घेतला जात नाही. पक्षी घेऊन येणाऱ्याला तो परत मिळत नाही. बरा झाला की त्याला मोकळ्या आकाशात सोडले जाते. शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, परंतु इतर पक्ष्यांसमवेत त्यांना ठेवले जात नाही.

नातवाने विचारले, "आजोबा, बरे झालेले कबूतर परत येऊन थँक यू म्हणते का?"

"नाही रे," अण्णा म्हणाले. "ते उडाले, म्हणजेच फी मिळाली."

लाल मंदिराला लागूनच गौरीशंकर मंदिर आहे. शिंद्यांच्या चाकरीतील आप्पा गंगाधर या मराठी गृहस्थाने १७६१ साली ते बांधले असे मानतात. ज्या वर्षी पानिपतावर मराठ्यांची लाखभर बांगडी फुटली, त्याच वर्षाशी दिल्लीतील या मंदिराचे नाव जोडलेले आहे, हे ऐकून दोन्ही सुना क्षणभर थबकल्या. तेथून चांदनी चौकाचा रस्ता सरळ पश्चिमेकडे जातो.

हा रस्ता शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने १६५०च्या सुमारास आखला. मधून कालवा वाहत असे. एका चौकातील हौदात चांदणे उतरे, त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात. कालवा कधीच बुजला. मधली कित्येक वर्षे येथे मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि माणसे यांची अशी कोंडी असे की, चालणाऱ्याला पाय टेकवणे कठीण. २०२१ साली या रस्त्याचे रूप पालटले. लाल मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना मज्जाव झाला, तांबड्या दगडाची रुंद पायवाट झाली, जागोजागी बसण्यास दगडी बैठका आल्या. सायकलरिक्षा आहेत, ओझी वाहणारे हमाल आहेत, गर्दी तर आहेच. तरीही अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काठी टेकीत, थांबत, बसत येथून जाऊ शकतो. अण्णा दर दहा मिनिटांनी बसत. आरंभी दोन्ही मुलगे दोन बाजूंना दूर उभे राहत. तिसऱ्या बैठकीला ते अण्णांच्या दोहो अंगांना बसले. त्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

थोडे पुढे डाव्या हाताला शीशगंज गुरुद्वारा लागतो. गुरू तेगबहादूर यांचे १६७५ साली औरंगजेबाच्या आज्ञेने याच ठिकाणी शिर उतरवण्यात आले. डोक्यावर रुमाल बांधून कुटुंब आत गेले. नातीचे लक्ष वेधले ते जोडे ठेवण्याच्या खिडकीने. ही नात थोरल्याची मुलगी. सीएच्या परीक्षेची तयारी करणारी. खिडकीपलीकडे एक वयस्क सरदारजी लोकांचे जोडे हातात घेऊन फळीवर लावीत होते. अंगावरचा कोट उंची, मनगटावरचे घड्याळ त्याहून उंची. ती त्यांची सेवा होती, नोकरी नव्हे. खिडकीवर त्यांचे नाव कोठे लिहिलेले नव्हते. मिळाला तो फक्त पत्र्याचा एक बिल्ला, आणि त्यावर आकडा.

गुरुद्वाऱ्यालगतच सोनेरी मशीद आहे. १७३९ साली नादिरशहाने दिल्लीत कत्तल मांडली, तेव्हा तो या मशिदीत बसून होता असे इतिहास सांगतो. त्या दिवशी या बाजारातील दुकाने लुटली गेली, घरे जळाली. पुढे १८५७ची धूळधाण आली, फाळणीचा वणवा आला. दर वेळी काही काळानंतर कोणीतरी पुन्हा फळ्या उघडल्या, गादी झटकली आणि तराजू टांगला. व्यापाऱ्याच्या धैर्याची गाणी कोणी गात नाही, पण लुटलेल्या बाजारात पहिले दुकान उघडणाऱ्याच्या छातीला काय म्हणावे?

चार पावले मागे येऊन कुटुंब दरीबा कलाँ गल्लीत शिरले. ही चांदीची गल्ली. पैंजण, ताटे, अत्तरदाण्या यांच्या राशी पाहून सुनांची पावले मंदावली. तिला काटकोनात मिळणारा किनारी बाजार म्हणजे लग्नसराईचे कोठार: गोटा, जरी, तोरणे, फेटे, नोटांचे हार. वाटेत एकाने टोपलीत दुधाच्या फेसाचा पिवळसर डोंगर मांडला होता. हिवाळ्यातच मिळणारा हा पदार्थ, नाव 'दौलत की चाट'. वरून केशर, खवा आणि पिठीसाखर. नातवाने मोठा चमचाभर तोंडात घातला आणि चकित होऊन म्हणाला, "संपली! दौलत संपली!" अण्णा इतके हसले की, त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. थोरलाही हसला, धाकटाही. दोघे एकाच वेळी.

किनारी बाजारातच नौघरा नावाची एक आंधळी गल्ली आहे. नऊ घरांची म्हणून नौघरा. बाहेरच्या कोलाहलातून दोन पावले आत टाकावीत, तो आवाज एकदम मागे पडतो. रंगवलेली दारे, कोरीव कमानी आणि शेवटी श्वेतांबर आम्नायाचे, भगवान सुमतिनाथांचे जुने मंदिर. जोहरी व्यापाऱ्यांची ही वस्ती. दारांतील ओट्यांवर बसून मोत्यांचे, हिऱ्यांचे सौदे कसे चालत असतील याची कल्पना येथे सहज करता येते.

तेथून विचारीत विचारीत कुटुंब धर्मपुऱ्यात आले. गल्ल्या इतक्या अरुंद की, समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटावे लागे. येथेच 'नया मंदिर' आहे. नाव नवे, बांधलेले १८०७ साली. बांधणारे राजा हरसुखराय, बादशाही खजिनदार. दिल्लीत मोगलांच्या काळी शिखरबंद जैन मंदिर बांधण्याची परवानगी मिळणे सोपे नव्हते. हरसुखरायांनी ती मिळवली. आत भगवान आदिनाथांची वेदी आहे. संगमरवरात रंगीत दगड जडवून काढलेली तिची नक्षी पाहताना आईंचे ओठ नकळत हलू लागले.

दर्शन झाल्यावर अण्णा पायरीवर बसले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ नित्यपूजेची वही लिहीत होते. सांगलीहून आल्याचे कळताच त्यांनी वही मिटली आणि हरसुखरायांची कथा सांगितली. दिल्लीतील जैन घरांत ती पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

मंदिराला आठ लाख रुपये लागले म्हणतात. काम पूर्ण होत आले, शिखराचे थोडेसे उरले आणि हरसुखरायांनी अचानक काम थांबवले. दिवस गेले, लोकांत कुजबुज सुरू झाली. अखेर पंच त्यांच्याकडे गेले. राजा म्हणाले, "माझ्याजवळचा पैसा संपला. आता समाजाने हातभार लावावा." बादशहाचा खजिनदार असे बोलतो हे पाहून लोक अवाक् झाले. कोणी एकट्यानेच उरलेली सर्व रक्कम देऊ केली. ती राजांनी घेतली नाही. प्रत्येक घरातून थोडे थोडे घेतले. शिखर पूर्ण झाले, कळस चढला आणि समारंभात हरसुखरायांनी सांगितले की, हे मंदिर माझे नव्हे, पंचायतीचे आहे. यात प्रत्येक घराचा पैसा आहे, तेव्हा सांभाळणेही प्रत्येक घराचे.

"म्हणजे पैसा संपलाच नव्हता?" नातीने विचारले.

"बेटी, संपवायचा होता तो पैसा नव्हता," वृद्ध गृहस्थ म्हणाले. "संपवायचे होते 'माझे'."

नात थोडा वेळ विचार करीत राहिली. मग हिशोब तपासावा तशा आवाजात म्हणाली, "पण नाव तर त्यांचेच राहिले. आपण सांगलीहून येऊन त्यांचेच नाव घेतो आहोत."

"राहिले. त्यांनी ठेवले नाही, म्हणून राहिले."

दोन्ही भाऊ पायरीच्या दोन टोकांना उभे होते. थोरल्याने खाली पाहिले. धाकटा वर, शिखराकडे पाहत होता. अण्णांनी काठी उचलली आणि एवढेच म्हणाले, "चला, उन्हे कलायच्या आत जेवण झाले पाहिजे."

जेवण पराठेवाली गल्लीत झाले. येथील जुन्या दुकानांत कांदा-लसूण वापरत नाहीत, ही जैन प्रवाशाची मोठीच सोय. बटाट्याची भाजी मात्र हमखास वाढली जाते. ती आधीच नको म्हणून सांगावे लागते. मटार, डाळ, पापड, पनीर असे पराठे निवडता येतात. आईंनी त्यांनाही हात लावला नाही. त्यांनी पिशवीतून घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेवटी दशम्यांचा डबा सर्वांत आधी रिकामा झाला आणि पराठे उरले.

पुन्हा हमरस्ता. नगरपालिकेची जुनी इमारत मागे टाकून उजवीकडे कटरा नील लागतो आणि त्याच्या तोंडाशी रस्त्यालगत लांबच लांब पसरलेली चुन्नामल हवेली दिसते. लाला चुन्नामल हे कापडाचे धनाढ्य व्यापारी. १८५७च्या धामधुमीत ते इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि त्याचा त्यांना लाभही झाला. परंतु त्यांच्या नावावर आणखी एक नोंद आहे. बंडानंतर इंग्रजांनी रस्त्याच्या टोकाची फतेहपुरी मशीद लिलावात काढली. शाहजहानच्या फतेहपुरी बेगमेने १६५० साली बांधलेली ही मशीद चुन्नामल यांनी १९,००० रुपयांना विकत घेतली आणि तशीच राखली. १८७७ साली सरकारने मोबदल्यात चार गावे देऊन ती परत घेतली व मुसलमानांच्या स्वाधीन केली. ज्या वास्तूत आपला देव नाही तीही मोडू नये, हे या व्यापाऱ्याला कळले होते. रस्त्याच्या एका टोकाला लाल मंदिर, दुसऱ्या टोकाला फतेहपुरी मशीद आणि मध्ये गौरीशंकर व शीशगंज; सव्वा किलोमीटरवर चार धर्मांची ही शेजारनीती उभी आहे. मोटारीच्या काचेतून ती दिसत नाही.

फतेहपुरीच्या पलीकडे खारी बावली सुरू होते. एके काळी येथे खाऱ्या पाण्याची पायविहीर होती. आता नाव तेवढे उरले. आशियातील सर्वांत मोठ्या मसाल्याच्या घाऊक बाजारांत हिची गणना होते. शिरताक्षणी आठही जणांना शिंका आल्या. मिरचीची पोती डोक्यावर घेऊन हमाल धावत होते, वेलची-दालचिनीचे ढीग उघडे पडले होते, हवा लाल आणि तिखट झाली होती. अण्णांची पाठ मात्र सकाळपासून पहिल्यांदाच ताठ झाली. ते बाजारात आले होते, म्हणजे घरी आले होते.

एका दुकानापुढे हळदीची पोती मांडलेली होती: इरोड, निजामाबाद आणि सांगली. अण्णांनी तिसऱ्या पोत्यातील एक हळकुंड उचलले, दोन्ही हातांनी मोडले, मोडलेल्या जागेचा रंग उजेडात पाहिला, हुंगले आणि म्हणाले, "राजापुरी. गेल्या हंगामाची."

गादीवरच्या पन्नाशीतील दुकानदाराने मान वर केली. "बाबूजी, सांगली के हो?"

मग खुर्च्या आल्या. दुकानदाराचे वडील सांगलीची हळद मागवीत. कृष्णाकाठच्या हरिपूरच्या पेवांविषयी त्यांनी मुलाला सांगितले होते. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, तिला कीड लागत नसे, रंग उतरत नसे, हे अण्णांनी आपल्या तुटक हिंदीत समजावले. दुकानदाराने भाव सांगितला, अण्णांनी सांगलीचा सांगितला. मधल्या फरकात भाडे किती, हमाली किती, कसर किती याची चर्चा रंगली. नात खाली बसून ऐकत होती. पुस्तकात शिकलेली घसट आणि मार्जिन प्रथमच तिला माणसांच्या तोंडून ऐकू येत होती.

"आपली पेढी कोणती?" दुकानदाराने विचारले.

थोरल्याने उत्तरासाठी तोंड उघडले. पण अण्णांनी आधीच म्हटले, "सांगलीची." आणि मोडलेले हळकुंड जपून खिशात ठेवले.

सूर्य कलू लागला होता. फतेहपुरीजवळच्या एका दगडी बैठकीवर सर्वांनी उरलेले पराठे खाल्ले आणि पाणी पिऊन घेतले, कारण अण्णा आणि आई यांचा सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम आहे. डिसेंबरात दिल्लीचा दिवस साडेपाचच्या सुमारास मावळतो. असा नियम पाळणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे. एरवी या वाटेला फारशी तयारी लागत नाही. सरळ अंतर थोडे आहे. गल्ल्यांची वळणे धरली तरी थांबत थांबत चालणारा वृद्ध ते दिवसभरात चालतो. सोमवारी लाल किल्ला बंद असतो आणि रविवारी बाजाराचा मोठा भाग. तेव्हा मधला वार निवडावा. मंदिरे सकाळी पाहावीत, बाजार दुपारनंतर.

चांदनी चौक स्थानकातून पिवळ्या मार्गिकेची गाडी थेट गुरुग्रामला जाते. गाडीत गर्दी होती. एका तरुणाने उठून अण्णांना जागा दिली. दोन्ही भाऊ एकाच दांड्याला धरून समोर उभे राहिले. बरीच स्थानके गेली. मग धाकटा म्हणाला, "दादा, त्या फरशीवर अजून काही कोरले नाही ना?"

"नाही."

"मग राहू द्या तशीच थोडे दिवस. गावात एकूण घरे किती आहेत आपल्या समाजाची?"

थोरल्याने लगेच उत्तर दिले नाही. तो मनातल्या मनात गल्लीगल्लीने मोजू लागला होता. धाकट्याला सांगली सोडून अठरा वर्षे झाली होती, तरी एक घर थोरला विसरला ते त्यानेच आठवून दिले. समोर अण्णांचे डोळे मिटलेले होते; ते झोपले होते की ऐकत होते, हे सांगणे कठीण. हळकुंड मोडलेल्या अंगठ्यावरचा पिवळा डाग तेवढा स्पष्ट दिसत होता.